दुसरी बॅच

जोसेफिन,

तुझ्या शोकसभेत मेघना वहिनी रडत रडत म्हणाल्या, "रंगाने काळी असली तरी मनाने अगदी गोरी होती हो ती." हॉलमधल्या माना हलल्या. दोघीतिघींनी डोळे पुसले. मी पुढच्या रांगेत तुझ्या फोटोजवळ बसलो होतो. माझीही मान हलली. शेजारी माझी मुलगी मुक्ता होती. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, डिड शी अ‍ॅक्च्युअली जस्ट से दॅट? अँड यू नॉडेड?"

त्या क्षणापासून मला जो राग आलाय तो अजून उतरलेला नाही. आधी वाटलं, मेघना वहिनींचा राग आहे. मग वाटलं, माना हलवणाऱ्या सगळ्यांचा. मग आरशात दाढी करताना आणखी एक माणूस दिसला. आणि खरं सांगू? तुझाही राग आहे. तुझ्या फोटोला चंदनाचा हार घातला होता आणि कुणीतरी कपाळावर कुंकवाचं बोटही टेकवलं होतं. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. त्या हसण्याबद्दल मला तुझ्याशी भांडायचंय. आयुष्यात नीट भांडलो नाही आपण. तू भांडण हसण्यावर न्यायचीस आणि मी फोनवर.

आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी दीक्षित काकांनी मला दोन शब्द लिहायला सांगितलेत. दीक्षित काका मंडळाचे खजिनदार, माणूस सज्जन. म्हणाले, "छान लिही विलास. निगेटिव्ह काही नको रे, सणासुदीचा अंक आहे." तुला मराठी वाचता येत नव्हतं. आपण इंग्रजीत बोलायचो, रागावलो की हिंदीत. तरी हे मी मराठीत लिहितोय, कारण ज्यांनी ऐकायला हवं ते मराठी वाचतात. त्यांत पहिला मी.

*

तू मला पहिल्यांदा दिसलीस ती इथे आखातात, अल मनखूल भागातल्या आमच्या बिल्डिंगच्या लॉबीत. तुझ्याबरोबर एक तरुण नायजेरियन बाई होती, तिच्या पाठीला कापडाने बांधलेलं तान्हं बाळ, आणि शेजारी सूट घातलेला तिचा नवरा. फ्लॅट बघायला आले होते. एजंटने मला, म्हणजे लिफ्टची वाट बघणाऱ्या एका भारतीय माणसाला, आपला समजून हळूच सांगितलं, "भाईसाब, फॅमिली तो है, पर अफ्रीकन है. बिल्डिंगवाले पसंद नहीं करते. आप ही समझाओ."

त्याला वाटलं तुम्हाला हिंदी कळत नाही. तू मागे वळलीस आणि म्हणालीस, "भाईसाब, अफ्रीकन का भी फॅमिली होता है. पीठ पे देखो, बच्चा है."

एजंट खजील झाला. मी म्हणालो, "मैं क्या बोलूँ, मैं तो खुद किराएदार हूँ," आणि लिफ्टमध्ये शिरलो. दार बंद होत होतं तेवढ्यात तू बाहेरून बटण दाबलंस. दार पुन्हा उघडलं. मला वाटलं आता शिव्या बसणार. तू म्हणालीस, "तुम्हाला वाईट वाटलेलं दिसतंय. वाईट वाटणारी माणसं मला उपयोगी पडतात. शनिवारी सकाळी या."

त्या बाईचं नाव ब्लेसिंग. तिला पुढे मागच्या गल्लीत घर मिळालं. माझ्या बिल्डिंगमध्ये नाही.

शनिवारी मी तू सांगितलेल्या पत्त्यावर आलो. मेघना वहिनींची नर्सरी शनिवार-रविवार बंद असायची आणि त्यातली मोठी खोली त्यांनी तुला फुकट दिली होती. ते मी विसरत नाही. त्या काळात दुसऱ्या कुणीही दिली नव्हती. आपलं मंडळही वर्षातून एकदा, ज्या परवाना असलेल्या संस्थेच्या नावाखाली हे सगळं चालायचं तिच्यामार्फत, मदत करायचं. मला कागदपत्रं जमतात, रास अल खोरच्या गोदामात मी दिवसभर तेच करतो, म्हणून तू मला तुझ्या या प्रोग्रामचा सेक्रेटरी केलंस.

पण त्या खोलीत तू काय करत होतीस ते मला पहिल्या दिवशी कळलं नाही. युगांडा, नायजेरिया, कॅमेरून, इथिओपिया, जिथून-तिथून आलेल्या आया, पाच वर्षांखालची त्यांची मुलं. नवरे लांबलांब ड्युट्यांवर. एका खोलीत संसार, मुलाला धरायला दुसरं कुणी नाही, बाळ रडलं की भिंतीवर शेजाऱ्यांची थाप. नर्सरीत घातलं तर इतर मुलं केसांना हात लावून हसतात आणि शिक्षिका म्हणते, लहान आहेत, त्यांना काय कळतं. मला वाटलं होतं तू यांना लसीकरणाची माहिती देशील, बोलायला उशीर झालेल्या मुलाला कुठे दाखवायचं ते सांगशील. ते तू करायचीसच. पण आधी मांडी.

तुझा नियम होता. आत आलं की आपलं मूल दुसरीच्या मांडीवर द्यायचं आणि आपण तिसरीचं घ्यायचं. सगळ्यांनी जमिनीवर बसायचं. आणि मूल परत देताना त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगायची. ती आत्ता बघितलेली पाहिजे, गोड बोलायचं म्हणून रचलेली नको. "हिला चमचा डाव्या हाताने धरायला आवडतो." "हा झोप आली की स्वतःचाच कान ओढतो." मी विचारलं होतं, याचा उपयोग काय? तू म्हणालीस, "मिस्टर विलास, या बाईच्या मुलाकडे या शहरात कुणी नीट बघितलंय, असं तिला शेवटचं कधी वाटलं असेल?"

मी दाराशी उभा राहायचो. तुझी हाक ठरलेली. "मिस्टर विलास, बसा. मांडी रिकामी आहे."

"नंतर. एक कॉल आहे."

इतकी वर्षं एक कॉल होता माझा.

*

सगळं रागाने लिहिलं तर खोटं होईल. सुखाच्याही सकाळी होत्या. शनिवारी मुलांसाठी फळं घ्यायला आपण माझ्या गाडीतून रास अल खोरच्या घाऊक बाजारात जायचो. तू हिरव्या केळ्यांच्या घडांकडे धावायचीस, मी टोमॅटो-कांद्याकडे. एकदा तू माझ्या पिशवीत डोकावून म्हणालीस, "वा, कचुंबरी करणार का?"

"कोशिंबीर. कचुंबर म्हण हवं तर."

"कचुंबरी. आमचं युगांडाचं आहे ते."

"जोसेफिन, ते आमच्या लोकांनी तिकडे नेलं."

"नेलं असेल. पण आम्ही नीट करून दाखवलं. तुम्ही त्यात साखर घालता!"

मग तू चपातीवरही हक्क सांगितलास. म्हणालीस, तुमच्या बायका चपाती पातळ करतात कारण त्यांना लवकर उठायचं असतं, आमची जाड असते कारण आम्हाला गप्पा मारायच्या असतात. केळीवाला पठाण, तुझ्या आयांसारखाच तुला मामा, म्हणजे आई, म्हणणारा, हसत होता. "यल्ला, चलो मामा, बनाना लेना है के झगडा करना है?" तू म्हणालीस, "दोनों."

दोन्ही. तुला दोन्ही करता यायचं, निदान चपातीवरून. जिथे खरंच भांडायला हवं होतं तिथे मात्र तू हसलीस. मी त्याच दिवसाकडे येतोय.

*

बोरन्हाणाची कल्पना माझी होती. मला आजही वाटतं की ती चांगली होती. संक्रांतीनंतर आपण पाच वर्षांखालच्या मुलांना काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालतो, औक्षण करतो, आणि डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे तुकडे, गोळ्या ओततो. मुलं ते जमिनीवरून वेचून खातात. मंडळ दरवर्षी करतं. मी म्हटलं, यंदा जोसेफिनच्या मुलांनाही बोलवू. लहान मुलांचं कौतुक, त्यांचंही तेच काम, आपलंही तेच.

तुला सांगितलं तेव्हा तू थांबलीस. "एक मिनिट. तुमच्याकडे काळा रंग शुभ असतो?"

"संक्रांतीला."

"म्हणजे वर्षातून एकदा?"

"हो."

"आणि बाकीच्या दिवसांत आम्ही काय करायचं, मिस्टर विलास?"

इतकं हसलीस की मीही हसलो. मला वाटलं विनोद झाला.

ब्लेसिंग शिवणकाम करते. तिने सगळ्या मुलांना काळी झबली शिवली. हलव्याचे दागिने कसे असतात ते तिने माझ्या फोनवर बघितलं आणि गळ्याभोवती पांढऱ्या मण्यांचे तसेच हार टाचले. ती मुलं हॉलमध्ये आली तेव्हा मंडळातल्या बायकाही म्हणाल्या, "अगं बाई, किती गोड!" मी हे लिहून ठेवतोय, कारण त्या दिवशी वाईट कुणालाच व्हायचं नव्हतं. तीच तर गंमत आहे.

ग्रुपवर मेसेज मी टाकला होता. चटई छोटी, मुलं खूप, गर्दी होईल, म्हणून दोन बॅच. पहिली बॅच मंडळाची मुलं. दुसरी बॅच प्रोग्रामची मुलं.

गर्दी होती हे खोटं नव्हतं. हे मी तुझ्याशी मनात कितीदा बोललोय. दोन बॅच करायला लागल्या असत्याच. पण जोसेफिन, बॅच वयावरून पाडता आल्या असत्या. आडनावाच्या अक्षरावरून आल्या असत्या. जो आधी येईल तो आधी, असंही चाललं असतं. मला यातलं काहीच सुचलं नाही. हात आपोआप जिथे गेला तिथे मी रेघ मारली.

पहिली बॅच झाली. व्हिडिओवाल्याने सगळं टिपलं. फोटो, आज्या, औक्षण. तुझी मुलं भिंतीशी रांगेत बसून बघत होती. ब्लेसिंगचा डॅनियल दोनदा धावत चटईकडे गेला आणि दोनदा कुणीतरी त्याला हसत हसत उचलून परत आणला, "थांब हं बेटा, तुझा टर्न नंतर." दुसऱ्या बॅचपर्यंत बोरं संपली होती. गोळ्या संपल्या. व्हिडिओवाला वायरी गुंडाळत होता. बायका ताटं मांडायला गेल्या होत्या. तेव्हा कुणीतरी चटईवर सांडलेले चुरमुरे हातानेच गोळा केले, परातीत भरले, आणि ते तुझ्या मुलांच्या डोक्यावर ओतायला घेतले.

मी बघितलं. आणि मनात हेही आलं, की काय बिघडलं? बोरन्हाणात जमिनीवरचंच वेचून खातात मुलं. चटई स्वच्छ आहे.

ब्लेसिंगने परात हाताने बाजूला सारली. डॅनियलला उचललं आणि सरळ माझ्याकडे आली. सगळ्या हॉलसमोर म्हणाली, "मिस्टर विलास, माझ्या मुलाच्या डोक्यावर तुम्ही केर ओतताय?"

मी तिला समजावायला लागलो. आमच्यात अशीच पद्धत असते, जमिनीवरचंच...

"मग पहिल्यांना जमिनीवरचे का नाही ओतले?"

मी म्हणालो, "प्लीज, हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत. तेवढ्यासाठीच तर आणलंत आम्हाला."

ती गेली. आणि तू, जोसेफिन, तू हसलीस. टाळ्या वाजवल्यास, चटईवर जाऊन बसलीस, उरलेल्या मुलांना भोवती घेतलंस आणि परातीतले चुरमुरे स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतलेस. मुलं खिदळली. हॉल निश्वास टाकून हसला. दीक्षित काका माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघ, किती स्पोर्टिंग बाई आहे. ती दुसरी जरा भांडखोरच."

तुझं ते हसणं मला सुटका वाटलं होतं तेव्हा. आज त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो. तू आम्हा सगळ्यांना एका झटक्यात मोकळं केलंस. कुणाला माफी मागावी लागली नाही. कुणी मागितलीही नाही. तुझ्या केसांत चुरमुरे अडकले होते ते घेऊनच तू घरी गेलीस.

*

आपला शेवटचा वाद गाडीत झाला, बाजारातून परत येताना. मागच्या सीटवर केळ्यांचे घड होते. तू म्हणालीस, तुला थकवा येतो, प्रोग्राम आता ब्लेसिंगला द्यायचाय, संस्थेला तिचं नाव कळवा.

मी म्हणालो, "ती भांडखोर आहे. मदत करणारे पळून जातील."

"मी कमी भांडखोर आहे का?"

"तू हसून सांगतेस."

तू मागे वळून घसरणारा केळ्यांचा घड सरळ केलास. मग म्हणालीस, "तेच. त्या दिवशी ती जे बोलली ते मी बोलायला हवं होतं. माझं वय झालेलं, माझं नाव झालेलं, मला कुणी काही म्हटलं नसतं. पण मला हसायची सवय लागलीये. खोली जाईल, मदत जाईल, म्हणून हसायचं. आता तोंड आपोआपच हसतं. तिला ती सवय लागायच्या आत तिच्या हातात द्यायचंय मला."

 मी म्हणालो, "बघू."

हा एक मराठी शब्द तुला पाठ होता. "तुमचं हे बघू," तू म्हणालीस, "आणि इथलं इन्शाल्ला. मी दोन्ही ऐकून म्हातारी झाले." नर्सरीशी उतरलीस, केळी घेतलीस, खिडकीतून वाकून म्हणालीस, "खलास. पुढच्या शनिवारी भांडू. तयारी करून या."

पुढचा शनिवार आलाच नाही. आठवड्याच्या मध्येच ब्लेसिंगचा फोन आला. तू स्वयंपाकघरात कोसळली होतीस. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी काय तयारी केली होती माहितीये? मी म्हणणार होतो की ब्लेसिंगला एक वर्ष असिस्टंट ठेवू. मधला मार्ग. मला तो फार शहाणपणाचा वाटला होता.

तुला घरी पाठवायचं काम माझ्याकडे आलं, कारण धंदा माझा तोच. आयुष्यभर मी खोकी पाठवली, मशीनचे भाग, कपड्यांच्या गाठी. कागद तेच असतात गं. वजन, कुठून, कुठे, हाताळताना काळजी. कार्गो गेटशी तुझ्या सगळ्या आया आल्या होत्या. कामावर खाडे करून, पोरं पाठीला बांधून. त्या हळू आवाजात गात होत्या. मंडळातलं कुणी नव्हतं, कामाचा दिवस होता. शनिवारी एसी हॉलमध्ये मात्र खुर्च्या कमी पडल्या. तुझ्यावर प्रेम करायला आम्हाला सुट्टीचा दिवस लागतो. आणि तुला हार घालणाऱ्या त्या हॉलमध्ये भाषणाला एकाही आईला बोलावलं नव्हतं. कार्यक्रमपत्रिका कुणी केली होती? मीच. ब्लेसिंग मागे उभी होती. खुर्च्या कमी पडल्या ना.

*

आता तुला हवी असलेली बातमी सांगतो.

संस्थेने कळवलं की प्रोग्राम कोण चालवणार त्याचं एक नाव सेक्रेटरीने पाठवावं. शोकसभेनंतरच्या शनिवारी मेघना वहिनी आणि दीक्षित काका नर्सरीत आले. आया आत मुलं घेऊन बसल्या होत्या, तुझ्या नियमाप्रमाणे. आम्ही तिघं दाराशी, चपलांपाशी.

मेघना वहिनी म्हणाल्या, "भावजी, मी विचार केलाय. मीच घेते. एवढी वर्षं बालशिक्षणात आहे, ट्रेनिंग आहे, खोली माझी आहे. जोसेफिनचं नाव देऊ प्रोग्रामला. त्या ब्लेसिंगला हाताखाली ठेवू, पुढचं पुढे बघू."

"वहिनी, नाव मी पाठवलंय."

"कुणाचं?"

"ब्लेसिंगचं. काल."

दीक्षित काका म्हणाले, "अरे, विचारायचं तरी आम्हाला!"

"विचारलं असतं तर बघू म्हणाला असतात."

"विलास, त्या बाईने भर हॉलमध्ये तमाशा केला होता."

"काका, तमाशा आपण केला होता. तिने फक्त मोठ्याने सांगितलं."

माझा आवाज चढला होता. आतल्या आया बघायला लागल्या. मग जे इतके दिवस अडलं होतं ते मी विचारलं. "आणि वहिनी, तिचं मन गोरं होतं असं का म्हणालात तुम्ही?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना खरंच कळलं नव्हतं. "चांगलंच म्हटलं ना मी? माझी मैत्रीण होती ती. मी तर रडत होते, भावजी."

तिथे मी हरलो, जोसेफिन. त्या खरंच रडत होत्या. वाईट माणसावर ओरडता येतं. जिने तुला खोली दिली, तुझ्या तापात सूप आणून दिलं, तिला मी कसं सांगू की तुझं मन काळंच होतं, तुझ्यासारखंच, आणि म्हणूनच चांगलं होतं? मी सांगायचा प्रयत्न केला. नीट जमलं नाही. त्यांनी डोळे पुसले, चपला घातल्या आणि म्हणाल्या, "मग खोलीचंही मला बघावं लागेल."

त्यांचं ते बघू कुठल्या जातीचं आहे ते मला माहीत आहे. पुढच्या महिन्यात खोली असेल की नाही, सांगता येत नाही. संस्था दुसरी जागा शोधतेय, पण ती लांब आहे, आणि पोरं घेऊन दोन बस बदलून किती जणी येतील? तू ज्याला घाबरून हसत राहिलीस ते अखेर झालंच. मी केलं. मला त्याचं ओझं वाटतं आणि पश्चात्ताप वाटत नाही. दोन्ही एकदम वाटू शकतं हे तुझ्याकडूनच शिकलो.

ते दोघं गेल्यावर ब्लेसिंग दारापर्यंत आली. भांडण मराठीत झालं होतं, तरी तिला विषय कळला होता.

"माझ्यावरून?"

"हो."

"कमाल आहे. माझ्यावरून भांडण झालं आणि ते मी केलं नाही, असं पहिल्यांदाच घडतंय."

मला हसू आलं. तिला आलं नाही. ती म्हणाली, "खोली गेली ना?"

"बहुतेक."

"मामा जो असती तर वाचवली असती."

"हो. हसून."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "असं दाराशी उभं राहून काय राखता तुम्ही, मिस्टर विलास? चपला? बसा."

खिशात फोन वाजत होता. खरंच वाजत होता, या वेळी खोटं नाही. मी बसलो. गुडघे कुरकुरले. तिने डॅनियलला आणून माझ्या मांडीवर ठेवला, तोच डॅनियल, ज्याला दोनदा चटईवरून उचलून परत आणलं होतं. मी इतका ताठ बसलो होतो की शेजारची इथिओपियन आई म्हणाली, "सर, रिलॅक्स, इट इज नॉट कार्गो."

डॅनियल थोडा वेळ माझ्या चष्म्याकडे बघत राहिला. मग माझ्या शर्टाचं खालचं बटण त्याने बोटाने दाबलं आणि तोंडाने टिंग केलं. मग त्याच्या वरचं. टिंग. प्रत्येक बटणाला थांबून दोन्ही हात बाजूला नेऊन दार उघडायचा. तो लिफ्ट चालवत होता. मला ती लॉबी आठवली, आणि बाहेरून बटण दाबणारा तुझा हात.

सत्र संपत आलं. मुलं परत द्यायची वेळ झाली. मी ब्लेसिंगकडे त्याला उचलून धरला आणि तुझ्या नियमाप्रमाणे म्हणालो, "हा शर्टाच्या बटणांची लिफ्ट करतो. आणि प्रत्येक मजल्यावर दार उघडतो. घाई करत नाही."

तिने माझ्या शर्टाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "बरोबर," ती म्हणाली. "घरी भिंतीवर करतो."

मला धीर आला. मी म्हणालो, "ब्लेसिंग, संक्रांत येतेय. बोरन्हाण करायचं? मंडळाच्या हॉलमध्ये नाही. तू म्हणशील तिथे, तू म्हणशील तसं. आमची मुलं येतील तुमच्याकडे. बॅच एकच."

 तिने माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मी नजर खाली घेतली.

"बघू," ती म्हणाली.

मराठीत. तूच शिकवून गेलीस ना तिला?

 मला याहून चांगलं उत्तर मिळायचा काही हक्क नाही. पण जोसेफिन, डॅनियल अजून माझ्या हातांत होता, आणि तिने त्याला परत घ्यायला हात पुढे केले नव्हते. मी त्याला पुन्हा मांडीवर घेतला. त्याने खालचं बटण दाबलं.